लांबलेला हात

सज्जनहो, हात लांबला म्हणून माणूस मोठा होतो काय? डोळ्यांवर यंत्र चढवून जी आभासी सृष्टी दिसते, तीत दूरची वस्तू धरण्याची ‘गो-गो’ नावाची युक्ती आयव्हन पुपिरेव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली मांडली. हात अंगाजवळ असेतो आभासी हात त्याच्याबरोबरच चालतो. आपल्या बाहूच्या दोन-तृतीयांशापलीकडे नेला, की तो भराभर लांबतो. पण गंमत पाहा! इकडे बोटभर कंप झाला, तर तिकडे हातभर होतो.

हात हे करण, कर्ता निराळा. करण लांबले, कर्ता होता तेवढाच राहिला! सत्ता आणि पैसा हेही लांबलेले हातच. क्रोधाचा, लोभाचा कंप घरात कसाबसा खपतो, दूरवर तोच अनर्थ करतो. म्हणून आम्ही म्हणतो, आधी हात स्थिर करा, मग खुशाल लांबवा.