बर्गी म्हणजे आम्हीच

इंजिनिअरिंगला माझा रूममेट मुलचेऱ्याकडचा बंगाली होता. पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आलेली कितीतरी कुटुंबं तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात वसवली गेली, त्यांतलं एक त्याचं. एका दुर्गापूजेला मी त्याच्या गावी गेलो. रात्री त्याची आजी नातीला थोपटत गात होती. मला त्यातला एकच शब्द नीट ऐकू आला : बर्गी.

"हे बर्गी कोण बे?"

"तुम्हीच. मराठे."

बर्गी म्हणजे आपला बारगीर. स्वतःचा घोडा नसलेला, सरकारी घोड्यावर लढणारा स्वार. 1742 मध्ये नागपूरच्या रघुजी भोसल्यांची फौज बंगालमध्ये शिरली आणि या शब्दाने तिथे लेकरांना घाबरवून झोपवायला सुरुवात झाली. फौजेचा सेनापती होता भास्करराम कोल्हटकर. गावं जळली, मुर्शिदाबादेत जगतसेठची पेढी लुटली गेली. आणि त्याच वर्षी पावसाळ्यानंतर कटव्याजवळ दाईंहाटला भास्कररामाने थाटात दुर्गापूजा मांडली. त्यासाठी जमीनदारांकडून वर्गणीही वसूल केली. नवमीच्या पहाटे नवाब अलीवर्दी खानाने छापा घातला आणि पूजा अर्धी टाकून त्याला पळावं लागलं.

हे वाचलं तेव्हा मी पटकन त्याची बाजू घेतली. चौथाईचा करार, थकलेले पगार, 'त्या काळी सगळेच लुटायचे' वगैरे.

पुढे युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धावरचा (1618–1648) एक पॉडकास्ट ऐकताना टिली भेटला. कॅथलिक लीगचा हा सेनापती जेसुइटांकडे शिकलेला, साधा राहणारा, नियमाने प्रार्थना करणारा. 'चिलखतातला संन्यासी' म्हणून त्याची ख्याती. 20 मे 1631 ला त्याच्या फौजेने मॅग्डेबर्ग हे प्रोटेस्टंट शहर घेतलं. आग आणि कत्तलीत सुमारे 20 हजार माणसं मेली. कॅथेड्रलमध्ये लपलेल्यांना मात्र त्याने वाचवलं, आणि मग तिथेच देवाचे आभार मानणारी प्रार्थना करवली.

ढोंगी म्हातारा, असं मी पुटपुटलो. आणि मग माझीच मला लाज वाटली, कारण भास्कररामाला मी हा शब्द लावला नव्हता.

टिलीने आग लावायला सांगितलं नव्हतं, असं त्याच्या बाजूने म्हणतात. असेल. पण उपाशी फौज शहरात सोडल्यावर काय होतं, हे बहात्तर वर्षांच्या सेनापतीला कळत नव्हतं? आमच्या धंद्यात सर्व्हर पडला तर 'ती ओळ मी लिहिली नव्हती' हे कुणी ऐकत नाही. डिप्लॉयला हो कुणी म्हटलं ते विचारतात. इथे माणसं मेली आहेत, तुलना ओशाळवाणी आहे. तरी प्रश्न तोच.

मला जास्त छळतं ते वेगळंच. ते ढोंगी नव्हतेच. ढोंगी माणूस निदान काय लपवतोय ते जाणून असतो. यांची भक्ती खरी होती आणि ती त्यांच्या हाताच्या आड कधी आली नाही. उलट, दिवसभरानंतर स्वच्छ वाटून घ्यायची एक जागा त्यांना रोज मिळत राहिली.

दाईंहाटच्या पूजेकडे बंगालमधून पाहणारा एक कवी आहे, गंगाराम. 1751 च्या सुमारास त्याने 'महाराष्ट्र पुराण' लिहिलं. त्यात पापाचा भार वाढला म्हणून खुद्द शंकरच मराठ्यांना बंगालवर धाडतो. म्हणजे धर्मयुद्धाचा पूर्ण परवाना. पण बर्गी ब्राह्मण-वैष्णवांना मारू लागतात, बायकांवर हात टाकतात, तेव्हा देवी भास्कराच्या विरोधात जाते. ज्या देवीची त्याने पूजा मांडली होती, तीच. मार्च 1744 मध्ये मनकऱ्याला वाटाघाटीच्या बहाण्याने तंबूत बोलावून अलीवर्दीने त्याला सरदारांसह मारलं. तोही दगाच.

त्याच रघुजींच्या राज्यात पुढे आमचं चांदाही गेलं. गोंड राजांचा किल्ला भोसल्यांचा झाला. आमचं घराणं त्या फौजेबरोबर इकडे आलं, असं आजोबा छाती फुगवून सांगायचे.

त्या रात्री नात झोपल्यावर मित्राच्या आजीने मला विचारलं होतं, "तुम्ही मूळचे कुठले?"

"चंद्रपूरचाच," मी म्हणालो.

तिने पानात आणखी खिचडी वाढली.