पैसा कुठवर ऐकू येतो?

कोल्हापूरजवळच्या पन्हाळ्याच्या अंबरखान्यातली गंगा कोठी धान्यासाठी बांधलेली आहे, आणि तिथे एक टाळी वाजवली की ते पटते. सुमारे ३५ फूट उंचीची ही दगडी वास्तू. उघडा दगड अंगावर आलेल्या ध्वनीतला दोन-तीन टक्केच गिळतो, बाकीचा परत फेकतो; तो समोरच्या भिंतीवरून पुन्हा येतो, मग छतावरून. जगातले सर्वांत महाग स्पीकर इथे आणून एखादी द्रुत तान वाजवली, तर एका स्वरावर दुसरा चढून नुसता गलका उरेल. दिवाणखान्यात हेच घडते, फक्त लहान प्रमाणात. दहा फूट रुंदीच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा ध्वनी अडकून फुगतो, लांबी आणि उंचीमुळे आणखी काही कंपनसंख्यांचे तसेच होते, आणि डग्ग्याची घुमक बरोबर याच पट्ट्यात येते. म्हणून एका खुर्चीत बसले की डग्गा छातीवर आदळतो आणि तीच खुर्ची तीन फूट सरकवली की तो गायब होतो. हा फरक कुणालाही, प्रशिक्षण नसलेल्या कानालाही, ऐकू येतो. तरी महागड्या हाय-फायची चर्चा अँप्लिफायरपासून सुरू होते, केबलवर रेंगाळते, आणि खोलीपर्यंत पोहोचलीच तर शेवटी पोहोचते.

महाग यंत्रांत फरक नसतोच असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. स्पीकरमध्ये फरक असतो आणि तो मोठा असतो, कारण विजेच्या लहरीचे हवेच्या हालचालीत रूपांतर करणे हे या साखळीतले सर्वांत अवघड काम आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी आधी कॅनडात आणि मग अमेरिकेत पडद्याआड स्पीकर ठेवून वर्षानुवर्षे चाचण्या घेतल्या. कोणता स्पीकर चांगला यावर वेगवेगळ्या श्रोत्यांचे बऱ्यापैकी एकमत होते असे त्यांना आढळले. मात्र १९९४ साली त्यांनीच दाखवले की पडदा काढला आणि स्पीकर डोळ्यांना दिसू लागले की त्याच श्रोत्यांचे गुण बदलतात. आकार, नाव आणि झिलई यांनाही गुण मिळू लागतात. साध्या स्पीकरवरून चांगल्या स्पीकरवर जाण्यासाठी दिलेला पैसा ऐकू येतो. त्यापुढचा बराचसा पैसा दिसतो.

इलेक्ट्रॉनिक्सच्या बाबतीत तर ही मर्यादा फार लवकर येते. १९८२ साली आलेल्या सीडीत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर सुमारे ९६ डेसिबल. शांत घरातही पार्श्वभूमीचा आवाज ३० डेसिबलच्या आसपास असतो; म्हणजे सीडीतली सर्वांत हळू कुजबुज त्याच्या वर आणायची तर सर्वांत मोठा आवाज १२५ डेसिबलपर्यंत न्यावा लागेल आणि कानाला इजा होईल. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत निवासी भागाला रात्री ४५ डेसिबलची मुभा आहे, तेव्हा शहरात तर गणित आणखी बिघडते. बोस्टन ऑडिओ सोसायटीच्या मेयर आणि मोरान यांनी २००७ साली एक निबंध प्रसिद्ध केला. उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण थेट ऐकवायचे, मध्येच ते गुपचूप सीडीच्या दर्जावर आणायचे आणि ओळखायला सांगायचे, अशी त्यांची चाचणी. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरे बरोबर आली. छापाकाटा केला असता तरी हेच झाले असते. केबलसाठी तर प्रयोगशाळाही लागत नाही. घराच्या वायरिंगला वापरतात ती अडीच एमएमची तांब्याची वायर तीन मीटर अंतरावरच्या स्पीकरपर्यंत नेली, तर जाऊन-येऊन तिचा रोध ०.०४ ओहमच्या आसपास भरतो. स्पीकर आठ ओहमचा. या अर्ध्या टक्क्यावर लाखालाखाच्या केबली विकल्या जातात, हे विक्रीकलेचे यश म्हणावे लागेल.

यावर दोन आक्षेप गंभीर आहेत. पहिला असा, की सरासरी श्रोत्याला ऐकू येत नाही म्हणजे कुणालाच येत नाही असे नव्हे. संशोधक जोशुआ राइस यांनी २०१६ साली उच्च दर्जाचे मुद्रण सीडीच्या दर्जापासून ओळखण्याच्या अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र केले, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. प्रशिक्षित श्रोत्यांत ते ६० टक्क्यांच्या घरात गेले. फरक आहे, हे मान्य करायला हवे. पण कान तयार करून, शांत खोलीत, मुद्दाम तुलना करायला बसल्यावर दहापैकी सहा वेळा जो ओळखू येतो, त्याच्यासाठी किंमत दहापट व्हावी का? आणि हा पैसा ज्या वयात हाती येतो, त्या वयात वरच्या पट्टीचे ऐकणे ओसरायला लागलेले असते, हेही विसरू नये.

दुसरा आक्षेप आपल्या संगीताच्या बाजूने येतो आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो. तंबोऱ्याची जवारी म्हणजे उपस्वरांचा उलगडा. मिरजेचे कारागीर तारेखालचा दोरा केसभर सरकवून जे साधतात, ते स्वस्त यंत्रात हरवते. खरे आहे, स्वस्त यंत्रात हरवते. मात्र ते टिपायला फार महाग यंत्र लागत नाही. जवारीचे मर्म ज्या उपस्वरांत आहे ते आपल्या ऐकण्याच्या कक्षेत मध्यावर येतात, तिच्या अगदी वरच्या टोकाला क्वचितच. बरे हेडफोन ते नीट दाखवतात, आणि त्यांना खोलीची अडचणही नसते. पन्हाळ्यासारख्या तीन हजार फुटांवरच्या ठिकाणी रात्री वाहने थांबल्यावर ते जितके स्वच्छ ऐकू येतील, तितके शहरातल्या रस्त्यालगतच्या फ्लॅटमध्ये कितीही महाग संचावर येणार नाहीत. (जुलैत पत्र्यावर पाऊस सुरू झाला की हा लाभ संपतो, आणि दमट हवेत रेकॉर्डांवर बुरशी धरते ती वेगळीच.)

शिवाय यंत्र मुद्रणाहून चांगले होऊ शकत नाही. कोल्हापूरच्या श्रोत्याचा वारसा घ्या. १८८३ साली स्थापन झालेली देवल क्लब ही संगीतसंस्था, शाहू महाराजांच्या आश्रयाला आलेले गायक अल्लादिया खाँ, त्यांच्याकडून घडलेल्या गायिका केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर. खुद्द खाँसाहेबांच्या गाण्याची एकही रेकॉर्ड बाजारात आली नाही. केसरबाईंच्या आहेत, पण त्यांतल्या बऱ्याचशा तीन-साडेतीन मिनिटांच्या, मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकड्या. त्यांत काही हजार हर्ट्झपर्यंत आवाज आहे, त्यावर उरते ती बहुतांशी लाखेची खरखर. १९७७ साली त्यांची भैरवी व्हॉयेजर यानांतल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर अंतराळात गेली. तबकडीसोबत सुईही पाठवली, पण मूळ मुद्रणात जे नव्हते ते सोन्याने आले नाही.

उलट जे आहे तेच बिघडवून ऐकण्याची सोय मात्र भरपूर आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच एलपीच्या खाचेपेक्षा कितीतरी रुंद असते. एलपीची सुई तिच्या तळाशी घासत जाते आणि खरखर वाढवते. शिवाय जुन्या तबकड्या सगळ्या नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नसत. ७८ला भरलेली तबकडी ८०ने फिरवली की पट्टी चढते, तीही कोमल आणि शुद्ध स्वरांतल्या अंतराच्या जवळजवळ निम्म्याने. लय वाढते, आवाज पातळ होतो. आपल्याकडे फिरणाऱ्या डिजिटल प्रतींत वेग तपासल्याची नोंद क्वचितच असते. अशी प्रत वीस लाखांच्या संचावर लावणारा माणूस चुकीच्या पट्टीतल्या केसरबाई अत्यंत अचूकपणे ऐकतो.

आता राहिला आनंदाचा मुद्दा. एखाद्याला जड अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीतून, तिच्या निळ्या दिव्यातून सुख मिळत असेल तर इतरांनी का बोलावे? बोलू नये. पैठणी ऊब देते म्हणून कुणी घेत नाही. हे सुख कारागिरीचे आणि मालकीचे आहे असे म्हटले की वाद मिटतो. पण विक्रेता ते ध्वनीच्या नावावर विकतो, म्हणून तपासणी अटळ होते. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीच्या महागड्या एलपी संपूर्ण अ‍ॅनालॉग आहेत अशी चोखंदळ श्रोत्यांची समजूत होती. डिजिटलचा गारठा त्यांत नाही, असे कौतुकही होत असे. २०२२ साली उघड झाले की त्यांतल्या अनेकींच्या निर्मितीत डिजिटल टप्पा होता, आणि तोही कित्येक वर्षे. प्रकरण कोर्टात गेले. ज्या कानांनी इतकी वर्षे काही ओळखले नव्हते, त्यांच्या तक्रारीचा सगळा आधार छापील मजकूर होता.

तेव्हा पाच लाख बाजूला ठेवलेल्या माणसाला माझे म्हणणे एवढेच: चांगले स्पीकर किंवा हेडफोन एकदाच घ्यावेत, अँप्लिफायर साधा चालेल, पुस्तकांची कपाटे आणि जाड पडदे लावून खोली आवरावी. तरीही निम्म्याहून अधिक रक्कम उरेल. योग्य सुई, वेग बदलता येणारे टर्नटेबल आणि पट्टी ओळखणारा एक जाणकार गायक एवढ्या भांडवलावर जुन्या तबकड्यांच्या नीट प्रती काढता येतात, आणि त्या प्रती दुसऱ्याच्या पाच हजारांच्या हेडफोनवरही तितक्याच खऱ्या वाजतात.