कशाचा कॅन्सर?

कुणाला कॅन्सर झाल्याचं कळलं की आपल्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कशाचा? विचारणाऱ्याला काळजी असतेच, पण त्या प्रश्नात एक छोटा हिशोबही असतो. फुप्फुसाचा म्हटलं की सिगारेटी मोजल्या जातात. तोंडाचा म्हटलं की तंबाखू नाहीतर मिश्री. यकृताचा म्हटलं की दारू. कारण सापडलं की ऐकणाऱ्याला जरा बरं वाटतं, कारण आपण तसलं काही करत नाही.

काही पेशंटांकडे मात्र या प्रश्नाला उत्तरच नसतं. गाठ यकृतात, हाडात किंवा मानेत सापडते आणि बायोप्सी सांगते की या पेशी इथल्या नाहीत, दुसरीकडून आल्या आहेत. मग सीटी होतो, पेट स्कॅन होतो, एंडोस्कोपी होते, तरी मूळ जागा मिळत नाही. डॉक्टर याला ‘कॅन्सर ऑफ अननोन प्रायमरी’ म्हणतात. एकूण कॅन्सरपैकी साधारण २ ते ५ टक्के या गटात मोडतात असं मानलं जातं, आणि त्यातल्या बहुतेकांच्या हातात जेमतेम वर्षभराचा काळ असतो. आयसीडी-१० या आजारांच्या जागतिक वर्गीकरणात त्याला स्वतःचा कोडही आहे, सी८०.०. म्हणजे ‘माहीत नाही’ हेसुद्धा अधिकृत निदान आहे.

जीनोमिक चाचण्या इथे येतात. आतड्याची पेशी यकृतात जाऊन वाढली तरी ती यकृताची होत नाही. तिच्यातली कोणती जनुकं चालू आहेत, डीएनएवर कुठे रासायनिक खुणा आहेत, कोणते बदल झालेत, यात माहेरच्या खाणाखुणा शिल्लक असतात. तंबाखूचा धूर आणि उन्हातले अतिनील किरण तर डीएनएवर आपापले ओळखू येणारे ठसे सोडतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, डीएनएवरच्या रासायनिक खुणा वाचून अशा २१६ पैकी १८८ पेशंटांच्या बाबतीत मूळ जागेचा अंदाज देता आला. २०२३ मध्ये एमआयटी आणि बॉस्टनच्या डाना-फार्बर संस्थेतल्या संशोधकांनी ३६ हजारांहून जास्त ट्यूमरांच्या माहितीवर एक मॉडेल घडवलं. त्याला २२ प्रकारचे कॅन्सर ओळखता येतात. मूळ न सापडलेल्या ट्यूमरांपैकी सुमारे ४१ टक्क्यांबद्दल त्याने खात्रीने उत्तर दिलं.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर असल्यामुळे माझी नजर त्या ‘खात्रीने’वर अडते. क्लासिफायरला २२ खाने दिले की तो त्यातल्याच एकाकडे बोट दाखवतो, मग ट्यूमर तेविसाव्या जागेचा का असेना. किती खात्री पुरेशी, ती रेषा माणूस आखतो. त्यात इथे आणखी एक पेच आहे: बहुतेकदा मूळ गाठ शेवटपर्यंत सापडतच नाही, त्यामुळे पेपर तपासायला उत्तरसूची नाही. अंदाज बरोबर होता का, हे आडून आडूनच तपासावं लागतं.

समजा, अंदाज बरोबर आहे. मग पुढे काय? मूळ जागा ओळखून त्यानुसार औषध द्यायचं की सरसकट ठरलेली केमो द्यायची, अशी तुलना युरोपात २४३ पेशंटांवर झाली. २०१९ मध्ये निकाल आला: दोन्ही गटांच्या आयुष्यात म्हणावा असा फरक नव्हता. नाव कळलं, पण त्या नावाच्या कॅन्सरवर अनेकदा फारसं चांगलं औषधच नव्हतं. ‘क्युपिस्को’ चाचणीने प्रश्न बदलला. ट्यूमर कुठून आला यापेक्षा त्याच्यातल्या कोणत्या बदलावर औषध चालेल, हे तिने पाहिलं. केमोच्या सुरुवातीच्या फेऱ्यांनंतर आजार आटोक्यात असलेल्या ४३६ जणांमध्ये, जीनोमनुसार उपचार मिळालेल्या गटात आजार न वाढता गेलेला काळ सरासरी ६.१ महिने होता. केमोच चालू ठेवलेल्या गटात तो ४.४ महिने होता. २०२४ सालचा हा निकाल. फायदा आहे, आणि तो दीड-पावणेदोन महिन्यांचा आहे.

म्हणजे ‘कुठून आला’ आणि ‘कशाने आवरेल’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि एकाचं उत्तर मिळालं म्हणून दुसऱ्याचं मिळतंच असं नाही. तिसरा प्रश्न घरच्यांचा असतो: आम्हालाही होईल का? तपासणीत बीआरसीएसारख्या जनुकातला आनुवंशिक बदल दिसला, तर पेशंटच्या बहिणीला किंवा मुलीला वेळेत सावध होता येतं. पेशंटला स्वतःला काहीच फायदा झाला नाही, तरी ही माहिती घराच्या उपयोगाची. पण काहींना ती नकोही असेल, म्हणून ते आधीच विचारायला हवं.

आणि चौथा प्रश्न, जो कुठल्याच चाचणीत मोजला जात नाही: मला नेमकं काय झालंय? उपचार बदलणार नसतील तर हे कळून काय उपयोग, असं म्हणणं मला पटत नाही. ज्या गोष्टीने आपण मरणार आहोत तिचं नाव जाणून घ्यावंसं वाटणं, ही काही चैन नव्हे. सत्याला औषधाच्याच भावात मोजायची सक्ती नसावी. मात्र नावासोबत तो जुना हिशोबही परत येतो. रिपोर्टमध्ये धुराचा ठसा निघाला की वीस वर्षांपूर्वी सोडलेली सिगारेट पुन्हा घरात येऊन बसते. नाव नव्हतं तोवर पेशंट निदान निर्दोष होता.

आपल्याकडे यात पैसा मिसळतो. अशी तपासणी अनेक घरं खिशातून करतात, प्रसंगी सोनं मोडून, आणि ती करताना मनात एकच प्रश्न असतो: वाचेल का? ज्याला नाव हवं त्याला नाव मिळावं. पण वाचण्याच्या आशेवर पैसे घेऊन हातात नुसतं नाव देणं ही फसवणूक आहे, रिपोर्ट शंभर टक्के अचूक असला तरी. त्यामुळे नमुना लॅबला जाण्याआधी डॉक्टरांनी दहा मिनिटं बसून सांगावं की या चारपैकी कोणत्या प्रश्नाचं उत्तर मिळण्याची शक्यता आहे आणि किती. आणि आपण, बाहेर उभ्या राहणाऱ्यांनी, ‘कशाचा?’च्या आधी ‘कसे आहेत?’ विचारावं. त्याला कुठलीच तपासणी लागत नाही.