न विचारलेला दोष

जुनी वस्तू विकणाऱ्याने तिच्यातला दोष, समोरच्याने विचारला नसताना, आपण होऊन सांगावा काय? प्रश्न फार जुना आहे. ख्रिस्तपूर्व ४४ साली सिसरोने आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात तो आला आहे. आणि सिसरोच्याही आधी दोन स्टोइक पंडितांनी त्यावर वाद घातला होता. माझ्यापुढे मात्र तो आला एका हिमगाडीच्या निमित्ताने.

आमच्या हायस्कुलातून दहावी होऊन गेलेला, खानापूर तालुक्यातील एका शेतकऱ्याचा मुलगा सध्या कॅनडात कॅलगरीला नोकरी करतो. एप्रिलअखेर त्याचे पत्र आले. (पत्र म्हणायची आपली सवय, आले ते ई-मेलने.) "सर, मला एक जुनी स्नोमोबाइल घ्यायची आहे. पैसे बेताचे आहेत. यंत्राचे मी पाहीन, पण एका बाबतीत तुम्हांलाच विचारावेसे वाटले." मुख्याध्यापकाला लोक काय विचारतील याचा नेम नसतो. जन्मतारखेच्या दाखल्यापासून सोयरिकीपर्यंत सर्व काही माझ्या टेबलावर येऊन गेले आहे. हिमगाडी मात्र पहिल्यांदाच आली.

गुलमर्गला जाऊन आलेल्यांनी ही गाडी पाहिली असेल. पुढे दोन पट्ट्या घसरायला, मागे रबराचा फिरता पट्टा, आणि वर मोटारसायकलसारखी बैठक. क्विबेकमधील जोसेफ-आर्मां बोंबार्दिए याने १९३७ मध्ये बर्फावर चालणाऱ्या गाडीसाठी पेटंट मिळवले. एकट्यादुकट्याने चालवायची छोटी 'स्की-डू' त्याच्या कंपनीने १९५९ मध्ये बाजारात आणली. त्याचा लहान मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात दगावला होता, कारण बर्फाने रस्ते बंद होते आणि इस्पितळ गाठता आले नाही. निकडीपोटी जन्मलेले हे वाहन आज बहुतेक ठिकाणी हौसेचे झाले आहे. हा खर्चिक शौक आपल्या मुलाला कशाला, असे माझ्याही मनात आले, ते लपवत नाही. पण जिथे वर्षातले पाच महिने बर्फ, तिथे तरुण माणसाने रविवारी खिडकीतच बसून राहावे असे मी कोणत्या तोंडाने सांगणार?

डोंगरावर चालवायची स्नोमोबाइल निराळी असते. सपाट वाटेवरच्या गाडीचा पट्टा आखूड, डोंगरी गाडीचा लांब, दीडशे इंचांच्या वर, आणि त्यावरचे रबरी दाते दोन-अडीच इंच खोल. नाहीतर ती भुसभुशीत बर्फात रुतून बसते. इंजिन बहुधा टू-स्ट्रोक, सातआठशे सीसीचे, वजनाला हलके. उंची वाढली की हवा विरळ होते आणि दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के ताकद कमी होते, म्हणून मुळातच ताकद जास्त लागते. नवी गाडी वीस हजार कॅनेडियन डॉलरांच्या आसपास. या मुलाजवळ होते सहा हजार. त्यातलेही पाचसहाशे त्याने आधीच बाजूला काढून ठेवले होते. हिमकडा कोसळून माणूस गाडला गेला तर त्याला शोधण्याचे संदेशयंत्र, टोचून पाहण्याची लांब काठी आणि फावडे, या तीन वस्तूंसाठी. हे वाचून मला बरे वाटले. गाडल्या गेलेल्या माणसाला वाचवण्याची खरी संधी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच असते आणि एवढ्या वेळात पोहोचतात ते बरोबरचे सोबतीच. २८ डिसेंबर २००८ रोजी ब्रिटिश कोलंबियात फर्नीजवळ स्पारवूड गावचे अकरा जण अशाच गाड्यांवर गेले होते. पहिल्या कड्याखाली सापडलेल्यांना उकरायला बाकीचे धावले आणि दुसरा कडा सर्वांवरच आला. आठ जण गेले.

म्हणजे इथे वस्तूचा दोष केवळ पैशांच्या नुकसानीचा नाही. रस्त्यापासून वीस किलोमीटर आत, छातीभर बर्फात, उणे वीस अंशांत इंजिन बंद पडले तर माणूस चालतही येऊ शकत नाही. आणि त्याच्यासाठी थांबावे लागते त्या सोबत्यांना, ज्यांचा त्या व्यवहाराशी काडीचा संबंध नव्हता.

आता बेताच्या पैशांची गंमत पाहा. पहिला बर्फ पडला की या गाड्यांचे भाव चढतात. हंगाम सरला की उतरतात. म्हणून हातात पैसे कमी असलेला माणूस घेतो एप्रिल-मे मध्ये. पण तेव्हा विकणाऱ्याच्या अंगणात असते गवत. हे इंजिन थंड राहते ते पट्टा खालून उडवतो त्या बर्फाने. पट्टा ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर सरकतो त्यांनाही वंगण बर्फाचेच. कोरड्यावर ती फार वेळ चालवताच येत नाही. म्हणजे वस्तू स्वस्त असते तेव्हा तिची परीक्षा घेता येत नाही, आणि परीक्षा घेता येते तेव्हा ती परवडत नाही. ज्याच्याजवळ पैसा आहे तो दुकानदाराकडे जातो आणि हमीपत्रासह गाडी घेतो. ज्याच्याजवळ नाही त्याच्या वाट्याला उरतो तो विकणाऱ्याचा शब्द.

काही गोष्टी तरीही पाहता येतात आणि त्या या पठ्ठ्याने पाहिल्या. इंजिन आपण जाण्याआधी सुरू केलेले नसावे, गार असतानाच ते कसे उठते ते पाहावे. दोन्ही सिलिंडरांचा दाब मोजावा, दोहोंत फार तफावत नको. पट्ट्याचे किती दाते तुटले आहेत, खालचा अॅल्युमिनियमचा सांगाडा कुठे वाकवून सरळ केल्याच्या खुणा आहेत का, ते वाकून बघावे. गाडीचा क्रमांक देऊन तिच्यावर कर्ज नाही ना, याचा सरकारी नोंदीत शोध घ्यावा. आपण जमीन घेताना उताऱ्यावर बोजा पाहतो तसे. पण पिस्टनवरचे ओरखडे बाहेरून दिसत नाहीत. ते माहीत असतात मालकाला.

दोन गाड्यांपैकी पहिली होती झगझगीत. बैठकीला नवे आवरण. मुलगा ठरल्या वेळी पोहोचला तेव्हा इंजिन गरम होते. मालक म्हणाला, काही प्रॉब्लेम नाही, आणि पुढे काही बोलला नाही. किंमत ५२०० डॉलर. दुसरी ओरखड्यांनी भरलेली, चार दाते गेलेले, इंजिन गार. हिच्या मालकाने न विचारता सांगितले की वरचे पिस्टन दोन हंगामांपूर्वी बदलले, ही पावती. आणि पट्टा फिरवणाऱ्या दांड्याचे एक बेअरिंग वाजते आहे, पुढच्या हंगामाआधी बदलावेच लागेल. किंमत ५०००. बरोबर आलेला मित्र परतताना म्हणाला, "अरे, त्याने स्वतःच कबूल केलेय. आता हजार पाड." मुलाचा मला प्रश्न होता, पाडावे का?

आणि खाली त्याने लिहिले होते, "आमच्या आप्पांनी एकदा बैल विकताना तो नांगराला उजवीकडे ओढतो हे आपण होऊन सांगितले. दलालाने रुमालाखाली बोटे धरून तेवढ्यावरच भाव पाडला. घरी आई महिनाभर बोलत होती."

सिसरोच्या ग्रंथातील वाद असा आहे. एक भला माणूस घर विकतो. घर रोगट आहे, लाकूड कुजके आहे, खोल्यांतून सर्प निघतात. आणि हे त्याच्यावाचून कोणालाच ठाऊक नाही. त्याने सांगावे का? बॅबिलोनचा डायोजिनिस म्हणतो, खोटे बोलू नये, कायदा जेवढे सांगायला लावतो तेवढे सांगावे, पुढे घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत. 'रोगट घर विकणे आहे' अशी दवंडी पिटायला लावण्याइतके हास्यास्पद काय असेल? त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, सर्व सांगितले पाहिजे. वाट चुकलेल्याला रस्ता न दाखवण्यापेक्षाही हे वाईट, कारण इथे आपण त्याला जाणूनबुजून खड्ड्यात जाऊ देतो. सिसरो कौल देतो अँटिपेटरच्या बाजूने, आणि जाता जाता एक सूक्ष्म भेद करतो. गप्प राहणे म्हणजे प्रत्येक वेळी लपवणे नव्हे. पण जे कळण्यात दुसऱ्याचे हित आहे ते आपल्या लाभासाठी त्याला कळू नये अशी इच्छा धरणे, हे लपवणे. गरम करून ठेवलेले इंजिन मला या व्याख्येत बसते. मालकाने एक अक्षर खोटे उच्चारले नाही, तरी बसते.

कायदा मात्र बराचसा डायोजिनिसच्या बाजूचा राहिला. आपल्याकडे १९३० च्या मालविक्री कायद्याचे सोळावे कलम अपवाद सांगते, पण मूळ धोरण घेणाऱ्याने जपून घ्यावे हेच. आपले प्राचीन शास्त्र याबाबतीत थोडे दयाळू होते असे मला वाटते. मनुस्मृतीत खरेदी-विक्रीचा पश्चात्ताप झाल्यास दहा दिवसांत वस्तू परत देण्याघेण्याची सोय आहे. कौटिल्य मुदती ठरवून देतो: व्यापाऱ्यांना एक रात्र, शेतकऱ्यांना तीन, गुरे राखणाऱ्यांना पाच. या पश्चात्तापाला शब्दही सुंदर आहे, अनुशय. दोष पहिल्या दिवशी दिसत नाही, हे त्या लोकांनी ओळखले होते. मे महिन्यात घेतलेल्या हिमगाडीचा अनुशय मात्र डिसेंबरात व्हायचा. एवढी मुदत कौटिल्यही देणार नाही.

परंतु या सर्व चर्चेत मला एक उणीव जाणवते. महाभारतातील शांतिपर्वात काशीचा तुलाधार वाणी जाजली मुनीला धर्म सांगतो, आपला तराजू सर्वांना सारखा असल्याचे सांगतो. तुलाधार काय, अँटिपेटर काय, सर्वांची नजर विकणाऱ्यावर. घेणारा बिचारा फसणारा, एवढीच त्याची भूमिका. त्याचे काही कर्तव्य आहे की नाही?

जॉर्ज अॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ चे नोबेल पारितोषिक ज्या तिघांना विभागून मिळाले त्यांत तो होता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: घेणाऱ्याला चांगली आणि वाईट मोटार ओळखता येत नाही, म्हणून तो सरासरी किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगल्या मोटारीचा मालक विकायला तयार होत नाही, तो निघून जातो. सरासरी आणखी खाली येते. हळूहळू बाजारात रद्दीच उरते. यात मी, अर्थशास्त्राचा नसून मराठी-संस्कृतचा एम.ए. असूनही, एक भर घालण्याचे धाडस करतो. खरे सांगणारा बाजारातून जातो याचे एक कारण आपण त्याला दंड करतो, हेही आहे. गप्प बसलेल्याची गाडी आपण ५२०० ला घ्यायला निघतो, कारण तिच्यात दोष 'नाही'. आणि ज्याने दोष सांगितला त्याच्याकडून त्याच दोषाबद्दल हजार मागतो. आप्पांचा बैल पाडून मागणाऱ्या दलालाने त्या दिवशी काही रुपये वाचवले असतील, पण बाजारात उभ्या असलेल्या दहा शेतकऱ्यांना त्याने गप्प बसायला शिकवले. पुढच्या आठवड्यात ते गप्प बसले असतील तर तोच त्यांना लबाड म्हणणार.

यावर कोणी म्हणेल, गुरुजी, घासाघीस हा तर बाजाराचा धर्म. आणि ज्याच्याजवळ सहाच हजार आहेत त्याने दुसऱ्याच्या सचोटीचा खर्च का उचलावा? आक्षेप खोटा नाही. गरिबाला नीती शिकवणे सोपे असते, शिकवणारा पगारदार असला की आणखीच सोपे. म्हणून मी मुलाला मोफत द्या-घ्या असे काही लिहिले नाही. लिहिले ते एवढेच: बेअरिंग बदलायला किती लागेल ते गॅरेजात विचार. मग मालकालाच सरळ विचार, हा खर्च तुम्ही किमतीत धरला आहे का? धरला नसेल तर तेवढे कमी कर, वर एक डॉलर नको. आणि पहिल्या गाडीचे म्हणशील, तर तिथे घासाघीस करूच नकोस. तिच्यात काय बिघडले आहे ते तुला कळलेले नाही. मालकाला ते तुला कळू द्यायचे नाही, एवढे मात्र कळले आहे. त्यातून पाचशे वजा करून ते नाहीसे होत नाही.

मालकाने निम्मा खर्च धरला होता म्हणे. गाडी ४८५० ला ठरली आणि त्याने आपल्याकडचा एक जादा ड्राइव्ह बेल्ट वर दिला. मुलाला यात सचोटीचे फळ दिसले. मला तसे म्हणवत नाही. तो माणूस कदाचित बेल्ट कोणालाही देता.

मी विचार करतो तो दुसऱ्या गाडीचा, त्या झगझगीत. ती आतापर्यंत कोणीतरी घेतली असणार, बहुधा असाच मोजके पैसे साठवलेला कोणी. डिसेंबरात डोंगरावर तिचे इंजिन खरखरू लागेल, सोबती तिला दोरी बांधून खाली आणतील, आणि मार्च-एप्रिलमध्ये ती पुन्हा कोणाच्या तरी अंगणात गवतावर उभी राहील. या खेपेला विकणारा फसवणारा नसेल, फसलेला असेल. त्याने दोष सांगावा असे मी म्हणतो, आणि म्हणत राहीन. पण सांगितले तर दोन-अडीच हजारांचे नुकसान त्याचे एकट्याचे, ज्याने काहीही लपवले नव्हते त्याचे. ते त्यानेच का सोसावे असे नववीतल्या एखाद्या मुलाने उठून विचारले, तर त्याला मी काय सांगेन ते अजून ठरलेले नाही.