कोपऱ्यातील भुसा

जी उणीव कोणाच्या दृष्टीस पडत नाही ती झाकून ठेवणे हे असत्य आहे काय? प्रिय वाचकहो, हा प्रश्न आम्हांस एखाद्या ग्रंथात भेटला नाही. तो एका टेबलाच्या कोपऱ्यात भेटला, आणि त्याचे उत्तर आम्ही समजत होतो तितके सोपे निघाले नाही.

नागपूर हे सागवानाचे जुने ठिकाण. चंद्रपूर व गडचिरोलीकडील जंगलांतले लाकूड येथे येते. लकडगंज हे वस्तीचे नावच त्याची साक्ष देते. २०२३ साली दिल्लीस जे नवे संसद भवन उघडले त्याचे सागवानही नागपुराहूनच गेले. अशा या नगरात आमच्या मंडळीने एक टेबल करविले. त्याचा पैसा घरोघरच्या भगिनींनी मुठीमुठीने बाजूस काढलेल्या तांदळाचा होता. सागाच्या फळीवर, कडेपासून चार बोटे आत, दोन रंगांची जडावाची पट्टी फिरवावी असे ठरले: एक हळदूच्या पिवळ्या लाकडाची आणि तिला लागून तेंदूच्या गाभ्याची काळी. ज्याची पाने आपण विडीसाठी तोडतो त्याच झाडाच्या पोटात असे कोळशासारखे लाकूड असते, हे पुष्कळांस ठाऊक नसेल.

लाकडात खाच खणून तीत दुसरे लाकूड बसवावयाचे, इतकेच हे काम. सरळ खाच खणणे आता कठीण राहिले नाही. विजेचे यंत्र ती हा हा म्हणता खणते. परंतु यंत्राचे पाते गरगर फिरणारे असल्यामुळे त्याला आतला कोपरा चौकोनी करिता येत नाही. सहा मिलिमीटरचे पाते कोपऱ्यात तीन मिलिमीटर त्रिज्येची गोलाई मागे ठेविते. तेथून पुढे मनुष्याचा हात. गुण्या लावून धारदार सुरीने रेघ मारावी. पटाशीची सपाट बाजू रेघेकडे आणि उतरती बाजू काढून टाकावयाच्या लाकडाकडे धरावी. आधी शिरांस आडवा छेद द्यावा, मग शिरांच्या दिशेने. हा क्रम उलटला तर शीर फाटत फाटत रेघेपलीकडे जाते. शेवटचा केसभर भाग मोगरीने ठोकू नये, हाताच्या दाबानेच तासावा. मग पट्ट्यांची टोके पंचेचाळीस अंशांत तिरपी कापून एकमेकींस भिडवावी. दोन्ही छेदांत अर्धा अर्धा अंश कमी कापला गेला तर कोपऱ्यात एका अंशाची फट राहते, आणि चूक कोणत्या पट्टीची हे फट सांगत नाही. अशा वेळी सुतार त्याच लाकडाचा बारीक भुसा सरसात कालवून फटीत भरतो आणि वरून पॉलिश चढवितो. मग डोळ्यांस काही म्हणजे काही दिसत नाही.

आमचे टेबल नाताळापूर्वी आले. सर्वांनी त्याची वाखाणणी केली.

पुढे मे महिना आला. पारा पंचेचाळीसावर गेला, आणि चारही कोपऱ्यांतला भुसा तडकून उठला. कारण उघड आहे. लाकूड सुकताना आडवे आकसते, लांबीत जवळजवळ मुळीच नाही. टेबलाच्या आखूड बाजूंस पट्टी फळीच्या शिरांना आडवी पडते. खालची फळी आकसते, वरची पट्टी आकसत नाही, आणि त्यांचा सगळा कलह कोपऱ्यावर येऊन ठेपतो. तेथे लाकडास लाकूड घट्ट भिडलेले असेल तर ते पुष्कळ सोसते. भुसा सोसत नाही.

आमच्या मनात प्रथम ‘लबाडी’ हाच शब्द आला. मागून शंकाही आली, की जडावाचे कामच मुळी झाकण्याचे नव्हे काय? सुरतेस व मुंबईस एकोणिसाव्या शतकात ज्या जडावाच्या पेट्या होत, त्यांत हस्तिदंत, काळे लाकूड, रंगविलेले शिंग व कथिलाची तार यांच्या बारीक कांड्या एकत्र चिकटवून, आडव्या कापून, त्यांच्या पातळ चकत्या पेटीवर बसवीत. खालचे लाकूड झाकलेच जाई. तरी त्यात कोणी कोणास फसविले असे आम्हांस वाटत नाही. नक्षी पाहून हे लाकूड असेच उगवले असे कोण मानील? झाकणे निराळे आणि नसलेले आहे असे भासविणे निराळे. भरलेला कोपरा म्हणतो, येथे लाकूड लाकडास भेटले आहे. आणि ते भेटलेले नसते.

असा न्याय करून आम्ही मिस्त्रींकडे गेलो. ते वयाने आम्हांहून वडील. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि म्हणाले, “पाळकसाहेब, तुम्हीच म्हणाले, नाताळाच्या आत टेबल पाहिजे. लाकूड अजून ओलं आहे म्हटलं, तर म्हणाले, चालते. कोपऱ्याचे दोन दिवस मजुरीतून तुम्हीच काटले. मग कोपरा कशानं भरू?”

हे खरे होते. त्याहूनही खरे हे, की त्या वाचविलेल्या मजुरीबद्दल मंडळीच्या सभेत आमची स्तुती झाली होती आणि आम्ही ती गोड मानून घेतली होती.

म्हणून मिस्त्री निर्दोष ठरतात काय? आम्हांस तसे वाटत नाही. दोषाची वाटणी धान्यासारखी होत नाही, की एकाने पायली उचलली म्हणजे दुसऱ्याचे तितके कमी झाले. त्यांनी काम देतेवेळी सांगावयास हवे होते, की कोपऱ्यांत भुसा आहे. मात्र त्यांनी सांगितले असते तर आम्ही काय केले असते? बहुधा पुन्हा ‘चालते’ असेच म्हटले असते. मग मिस्त्रींनी आम्हांस फसविले असे झाले नसते. पण ज्यांनी तांदूळ दिले त्यांस आम्ही फसविले असते, आणि आमच्या हाती तर पटाशीही नव्हती.

पुढील रविवारी आम्ही ही हकिकत मंडळीस सांगितली. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एका वृद्ध बाईंनी विचारले, “पण टेबल डुगडुगत तर नाही ना?” टेबल डुगडुगत नव्हते.

कापलेली मजुरी आम्ही आपल्या पदरची भरली. मिस्त्रींनी टेबल ओसरीवर घेऊन तीन कोपरे उकरले, भुसा काढला, नव्या पट्ट्या कापून बसविल्या. एकेका कोपऱ्यास अर्धा दिवस लागला. आम्ही शेजारी बसून पाहत होतो आणि या वेळी घाई केली नाही. चौथ्या कोपऱ्यास हात घालण्यापूर्वीच पाऊस लागला. लाकूड आता फुगेल, दिवाळीपर्यंत त्याला तसेच राहू द्या, असे मिस्त्री म्हणतात. तोवर त्या कोपऱ्यात तडकलेला भुसा जसाच्या तसा आहे, आणि येणाऱ्याजाणाऱ्यास तो दिसतो.