उपवास कोणाचा?

आमच्या घरात मासा कधी शिजला नाही. तेव्हा मासा न खाण्याचं पुण्य माझ्या खात्यावर कसं जमा होणार? जे हवंसंच वाटलं नाही ते सोडलं, याला मी व्रत म्हणत नाही. इंदूरजवळच्या राऊमधले माझे शेजारी जैन आहेत, त्यांना हे पटत नाही. हिंसा आधी मनात होते, हातून नंतर. मन स्वच्छ असलं की झालं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणते, मनाचं तुमचं तुम्ही बघा, माशाचं काय झालं ते सांगा.

सासूबाई नर्मदेकाठी महेश्वरला गेल्या की कणकेच्या गोळ्यांचा डबा बरोबर असायचाच. घाटाच्या पायरीशी मासे अशी झुंबड करत की पाणी उकळतंय असं वाटे. त्यांची माया खरी होती, तिची थट्टा मी करणार नाही. पण नर्मदेतला महासीर, 2011 पासून मध्य प्रदेशाचा राज्यमासा, गोळ्यांवाचून रोडावलेला नाही. त्याला वाहतं पाणी लागतं, खाली गोटे-खडी लागते, अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढायची वाट मोकळी लागते. धरणांमागे पाणी थबकलं आणि हे सगळंच बिघडलं. शेवटी बडवाहच्या वनखात्याला त्याची पैदास हाताने करायला घ्यावी लागली.

मासा वाचवायचे नियम मात्र जुने आहेत. सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर 26 वर्षांनी कोरवलेल्या पाचव्या स्तंभलेखात न मारायच्या प्राण्यांची यादी आहे, तीत मासेही आहेत. चातुर्मासी पौर्णिमा आणि इतर ठरावीक तिथींना मासा मारायचा नाही, विकायचाही नाही. त्या दिवशी हत्तींच्या राखीव वनांत आणि केवटांच्या, म्हणजे मासेमारांच्या, राखीव पाण्यातही दुसरे जीव मारायचे नाहीत. म्हणजे ज्याचं पोट मासळीवर, थांबायचं त्याने. सातव्या लेखात मात्र हाच राजा सांगतो की नियमांनी थोडंच साधलं, समजावण्याने जास्त. हुकूम सोडणाऱ्या माणसाने हे दगडात कोरून ठेवावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आज आमच्याकडे मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते. विणीचा काळ. जाळं गुंडाळून बसलेल्या केवटाला विचारलं तर तो याला धर्म म्हणेलच असं नाही. कायदा आहे, दंड होतो, म्हणून तो थांबतो. शेजारी इथे मला पकडतात: सक्तीचा उपवास हा उपवास कसा? असेल नसेल. पण त्या दोन महिन्यांत पोटात अंडी घेऊन निघालेली मादी जाळ्यात सापडत नाही, आणि माझ्या सात्त्विकपणामुळे तिला काडीचाही फरक पडत नाही.

हेतू आणि फळ यांची फारकत आमच्या दारातच आहे. इंदूर बायपासजवळचं राळामंडळ 1989 मध्ये अभयारण्य झालं. त्या टेकडीवर होळकरांची शिकारगाह आहे. चितळांना आज जिथे आसरा आहे, ती जागा राखली गेली बंदुकीसाठी.

भाचीचा नवरा अमेरिकेत मोंटानात असतो. परवाना काढून ट्राऊट गळाला लावतो, तोंडातून आकडा काढतो आणि मासा परत सोडतो. मला हा खेळ निर्दय वाटतो. भूक नाही, तर त्या जिवाचा ओठ का फाडायचा? पण तिथल्या मासे-वन्यजीव-उद्यान खात्याचा मोठा खर्च शिकारी आणि गळवाल्यांच्या परवान्यांवर चालतो. त्याच राज्याने 1974 मध्ये, जिथे जंगली ट्राऊट टिकून होता त्या नद्यांत पैदास केंद्रातले मासे सोडणं बंद केलं. मॅडिसन नदीच्या अभ्यासात दिसलं होतं, की वरून टाकलेल्या माशांनी मूळचेच कमी होतात. उपकार आवरते घेतले, तशी नदी आपली आपण भरली. जावयाच्या गळापेक्षा त्याच्या परवान्याचे पैसे मला धर्माच्या जास्त जवळचे वाटतात, आणि हे म्हणताना माझी जीभ थोडी अडखळते.

बंदीच्या महिन्यांसाठी आपल्याकडे मच्छीमारांची बचत-सह-मदत योजना आहे. आधी मच्छीमाराने स्वतःच्या कमाईतून हप्ते भरायचे, मग सरकार त्यात भर घालतं. घाटावर डबा घेऊन जाणाऱ्या आम्हां शाकाहारी मंडळींकडे यासाठी कुणी काही मागत नाही, आणि आम्हीही कधी विचारलेलं नाही.