मिसळीशेजारचा पेला

गंगापूर धरणाच्या परिसरातल्या वाईनरी पाहायला लोक जातात ते बहुधा जानेवारी ते मार्चमध्ये, द्राक्षांचा तोडा चालू असताना. मला मात्र तिथली बाग छाटणीच्या दिवसांत पाहावीशी वाटते. फ्रान्समध्ये कडाक्याच्या थंडीने वेल आपसूक झोपी जाते. नाशिकच्या हवेत तिला ती झोप नाही. एप्रिलमध्ये खरडछाटणी करून ओलांडे उघडे करायचे, पावसाळाभर काडी पोसायची, सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा कात्री चालवायची आणि सगळे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावायची. छाटण्या दोन, पीक एक. इथल्या वेलीचे वर्ष असे माणसांच्या हातांनी घडते.

‘सुला’ या वाईनरीने १९९७ च्या सुमारास इथे वाईनची द्राक्षे लावली, २००१ मध्ये राज्याचे द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आले आणि पुढे ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकन मिळाले. मुलखावरून मद्य ओळखण्याची ही रीत आपल्याकडे नवी नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षरसाच्या मद्याला ‘मधु’ म्हटले आहे आणि त्याचे प्रकार प्रदेशांवरून सांगितले आहेत: कापिशायन आणि हारहूरक. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातला भाग.

पण मुलखाची ओळख बाटलीवरच्या चिठ्ठीने पुरी होत नाही. फ्रान्सच्या सांसेर गावची सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेजारच्या शाव्हिन्योलचे बकरीच्या दुधाचे चीज एका मातीत, एका ताटात वाढले. नाशिकच्या वाईनरीत मात्र वाईनबरोबर बहुधा पिझ्झा नाहीतर पास्ता येतो, आणि थोड्याच अंतरावर, द्राक्षाच्या मांडवाशेजारी, लोक काळ्या मसाल्याची मिसळ, पापड आणि दही घेऊन बसलेले असतात. दोन्ही जागा रविवारी ओसंडतात. त्यांची एकमेकींशी ओळखच नाही. याचे मला मनापासून वाईट वाटते.

कारण ही सोयरीक सहज जमण्याजोगी आहे. तिखटावर जास्त अल्कोहोलची, तुरट लाल वाईन घेतली तर जिभेची आग वाढते. किंचित गोडी ठेवलेली, थंडगार, आंबटसर शेनिन ब्लाँ तीच आग शमवते. मिसळीबरोबरचे दही करते तेच काम. मटकीच्या उसळीचा मऊपणा आणि फरसाणाचा तेलकटपणा तिच्या आंबटपणाने हलका होतो. काळ्या मसाल्याच्या मटणाला मिऱ्याची चव असलेली शिराझ चालेल, मात्र रस्सा बेताचा हवा. बाजरीची भाकरी आणि ठेच्याशी काय जाते, हे अजून कुणी नीट चाखून ठरवायला हवे.

ते ठरवायला बाहेरून शेफ कशाला आणायचा? जवळच्या वस्तीवर चुलीवर रस्सा करणाऱ्या मावशींना टेस्टिंगच्या टेबलावर मानाने बोलवावे, पदार्थ त्यांनी निवडावेत, आणि ताटाला काय शोभते याबद्दल त्यांचा शब्द घ्यावा.